मागची बाटली

सुटीचा दिवस होता, बाहेर लख्ख ऊन पडले होते, आणि भोवरा एका हाताने गुडघा धरून दुसऱ्या हाताने बूट चढवत होता. त्याची बायको, वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते पाहत होती. कालच तिने बाजारातून पिशवी आणायला सांगितली, तेव्हा हेच गुडघे कुरकुरत होते. डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले म्हणून घरातला पलंगसुद्धा खालच्या खोलीत आणला होता. आणि आता कारखान्याच्या तळघराचा अख्खा जिना उतरायला हेच गुडघे एका पायावर तयार होते.

"आज सुटी आहे," ती म्हणाली.

"हो ना."

"मग?"

"मागचीला फिरवून येतो," भोवरा नाडी बांधत म्हणाला. "एक दिवस चुकवून चालत नाही."

वहिनी आत वळली आणि ओट्यावरचे पातेले उगीचच या बाजूचे त्या बाजूला आपटले. भोवऱ्याला ते ऐकू गेले असेल, पण पातेल्याचा अर्थ लावणे हे त्याचे काम नव्हते.

भोवरा हे काही त्याचे खरे नाव नव्हे. वाइनच्या कारखान्यात, तळघरात, बाटल्या फिरवायचे काम तो करायचा, म्हणून कोणीतरी कधीतरी ते नाव चिकटवले आणि ते कायमचे बसले. माणूस मात्र भोवऱ्याच्या अगदी उलट. चालणे सावकाश, बोलणे त्याहून सावकाश, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही असा जणू पणच केलेला. तळघरात मोठ्याने बोलले की आवाज दगडावर आपटून परत अंगावर येतो, म्हणून तिथली माणसे कमी बोलतात, असे तो सांगायचा. घराच्या भिंती साध्या विटांच्या होत्या, पण सवय काही जागा पाहून बदलत नाही.

वहिनीही त्याच कारखान्यात होती, वर, लेबलांच्या खोलीत. तयार बाटलीवर कागद सरळ बसला आहे की नाही ते पाहायचे, वाकडा असेल तर ओला करून काढायचा. सगळा कारखाना तिला वहिनी म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा. हे तोंडावर. पाठ वळली की ती "भोवऱ्याची दुसरी" व्हायची, आणि लेबलांच्या खोलीच्या भिंती इतक्या पातळ होत्या की तिला ते पहिल्या आठवड्यातच कळले होते.

पहिली लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाचे निमित्त होऊन गेली. मूलबाळ नव्हते. सासूबाई तिला नावाने कधी बोलत नसत, "मागची" म्हणत. मागचीच्या हाताला अशी चव होती. मागचीने कधी दार आपटलं नाही. मागची असती तर एव्हाना पडदे धुऊन वाळतसुद्धा घातले असते. नाव मागची, पण घरात जिथे जावे तिथे ती वहिनीच्या आधी पोचलेली असायची. सासूबाई गेल्या, त्यांचा पलंग गेला, पडदे तर किती वेळा बदलले. हा एक शब्द तेवढा घरात राहून गेला.

त्यात तो स्वेटर होता. तळघर बारा महिने गार, म्हणून खाली काम करणारे उन्हाळ्यातही लोकर घालतात. भोवऱ्याकडे एक हिरवा स्वेटर होता, पहिलीने विणलेला. वहिनीने लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात बोटे दुखेपर्यंत बसून त्याला निळा विणून दिला. भोवऱ्याने तो घातला, छान झालाय म्हणाला, आणि घातला तो हिरव्याच्या वरून. थंडी होती, दोन होते, दोन घातले. त्याच्या दृष्टीने विषय संपला. वहिनीच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. लोकांना निळा दिसत होता, पण अंगाला लागून हिरवा होता. पुढे निळ्याचे कोपर तिने कितीदा रफू केले. हिरव्याचे विरले तेही तिनेच केले, आणि दर टाक्याला जळली.

पण हे सगळे परवडले. स्वेटरचा, पडद्यांचा, हाताच्या चवीचा हेवा माणूस करू शकतो. वहिनीवर एका वर्षाचा हेवा करायची पाळी आली होती.

त्याचे असे झाले. या कारखान्याची फेसाळ वाइन बाटलीतच तयार व्हायची. बाटलीत वाइन, थोडी साखर आणि यीस्ट घालून वर पत्र्याचे बूच ठोकायचे आणि तळघरात आडवी करून ठेवायची. यीस्ट साखर खाते, त्याचे बुडबुडे होतात, साखर संपली की यीस्ट मरते आणि त्याचा गाळ बाटलीच्या कुशीला बसतो. मग त्या गाळावर वाइन वर्षानुवर्षे पडून राहते. मेलेले यीस्ट तिला हळूहळू चव देत राहते, बुडबुडे बारीक होत जातात, कच्च्या फळाचा वास जाऊन भाजल्यासारखा खमंग वास येऊ लागतो. शेवटी बाटली उलटी करून, रोज थोडी थोडी फिरवून, तो गाळ मानेत उतरवायचा, आणि बूच उडवून तेवढाच बाहेर काढायचा. हे फिरवणे म्हणजे भोवऱ्याची नोकरी. वहिनीला नवीन असताना कोणीतरी ही सगळी हकीकत मोठ्या कौतुकाने सांगितली होती. मेलेली खाली पडून असते आणि चव तिचीच येत राहते, हे ऐकून तिने हातातल्या बाटलीवरचे सरळ बसलेले लेबलही ओले करून काढले.

कारखान्याची एक रीत होती. कामगाराचे लग्न झाले की त्या वर्षाच्या वाइनच्या डझनभर बाटल्या त्याला भेट मिळत, गाळासकट, लेबलाशिवाय. घरी न्यायच्या नाहीत. तळघराच्या अगदी खालच्या बोळात प्रत्येकाला लोखंडी जाळीचा एक खण असायचा, त्यात त्या निजवून ठेवायच्या आणि आयुष्यात प्रसंग येतील तशा काढायच्या. भोवऱ्याचे पहिले लग्न झाले ते वर्ष कडक उन्हाचे होते. द्राक्षे अशी पिकली की लोक अजून त्याला "मधाचं वर्ष" म्हणतात. वहिनीचे लग्न झाले त्या वर्षी ढग हटलेच नाहीत. द्राक्षे हिरवीच राहिली, वाइन दात आंबवणारी झाली, आणि कारखान्याने ती कशीबशी विकून टाकली. तिला नाव पडले "आंबट वर्ष". वर्षासारखी माणसं येतात, असे सासूबाई भाजी निवडता निवडता एकदा म्हणाल्या होत्या. कोणाला उद्देशून ते त्यांनी सांगितले नाही, पण खोलीत दोघीच होत्या.

लग्न झाल्यावर भोवऱ्याने हौसेने तिला खण दाखवायला नेले होते. कंदिलाच्या उजेडात बोट दाखवून म्हणाला, त्या मागे भिंतीशी आहेत त्या तिच्या, या पुढच्या आपल्या. वहिनीने मान डोलावली आणि पुन्हा त्या खणाकडे फिरकली नाही. पाय धरले असते तरी ती गेली नसती.

मग प्रसंग येत गेले. मुलगी झाली, घर झाले, मुलगी पहिल्यांदा कामाला लागली. दर वेळी भोवरा खाली जाऊन एक बाटली तयार करून आणायचा. दर वेळी वहिनी हळूच विचारायची, कुठली आणली? आणि तो म्हणायचा, "पुढचीच. मागच्यांना हात लावायचा नाही." मग ती पुढची उघडायची. रंग फिक्या चहासारखा, बुडबुडे ओठांपर्यंत पोचायच्या आत मेलेले, चवीला टोपलीच्या तळात राहिलेल्या जुन्या सफरचंदासारखी. पाहुणे छान छान म्हणत ग्लास खाली ठेवायचे. वहिनी एक घोट घ्यायची आणि मनात म्हणायची, ही मी. आपल्या बाटल्यांची चिल्लर प्रसंगांना उधळपट्टी चालली आहे, आणि ती तिकडे गार भिंतीला टेकून, हात न लावता, दिवसेंदिवस चांगली होत बसली आहे.

आता भोवरा निवृत्त होणार होता. एका संध्याकाळी जेवताना त्याने, न विचारता, जाहीर केले की निरोपाच्या दिवशी मागची काढायची. एकच उरली आहे, सगळ्यांसमोर काढू. वहिनीचा घास तोंडातच राहिला. निरोप म्हणजे मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे असणार, मुलगी असणार, जावई असणार. आणि त्या सगळ्यांच्या देखत तिचा नवरा आयुष्यभराच्या नोकरीचा शेवट त्या बाईच्या बाटलीने करणार. तेव्हापासून तो रोज खाली जात होता, त्या एका बाटलीला एक गिरका द्यायला. सुटी नाही, गुडघे नाहीत, काही नाही.

तिने एकदा विचारून पाहिले. "अहो, दुसरी कुठली काढली तर नाही चालणार?"

"दुसरी?" भोवरा विचारात पडला. "अगं, तिच्यासारखी दुसरी नाहीच."

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. ती त्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि भोवरा शेजारी शांतपणे घोरत राहिला.

निरोपाच्या आदल्या दिवशी मुलगी त्याला गुडघे दाखवायला डॉक्टरांकडे घेऊन गेली. दिवसाचा गिरका तो सकाळीच देऊन आला होता. खणाची किल्ली घरी दारामागच्या खिळ्याला होती. वहिनीने जेवणाच्या सुट्टीत घरी चक्कर मारली, किल्ली पदराआड घेतली, आणि लेबलांच्या खोलीत न जाता सरळ तळघराचे दार गाठले.

दाराशी भोवऱ्याचे स्वेटर टांगलेले होते. खालून गारवा येत होता, म्हणून तिने निळा ओढला, तर आतून हिरवाही आला. इतकी वर्षे एकावर एक चढवून ते एकमेकांत असे अडकले होते की वेगळे करायला निवांत बसावे लागले असते. तिने दोन्ही तसेच डोक्यातून घातले. हिरवा तिच्या अंगाला लागला. ऊबदार होता, याचाही तिला राग आला.

खणाची जाळी उघडून तिने बॅटरी मारली. पुढची जागा मोकळी होती. आपल्या सगळ्या संपल्या, तिला वाटले, एकेक करून सगळ्या. मागे भिंतीशी, भोके पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात, एकच बाटली मान खाली करून उभी होती. धूळ पुसलेली. बुडाला पांढऱ्या रंगाची रेघ, फिरवताना अंदाज राहावा म्हणून सगळ्याच बाटल्यांना असते तशी, आणि रेघेशेजारी एक छोटा ठिपका. हा ठिपका बाकी कुठल्या बाटलीला तिने पाहिला नव्हता. लाडाची खूण, वहिनी मनात म्हणाली.

ती बाटली तशीच उलटी धरून बोळाच्या टोकाच्या मोरीपाशी आली. गाळ काढताना तिने लोकांना हजारदा पाहिले होते. बूच उडाले, गाळाचा एक करडा फुत्कार मोरीत गेला, आणि तिने अंगठा लावून बाटली सरळ केली. इथून पुढे फक्त ओतून द्यायचे होते. पण इतकी वर्षे जिच्यावर जळलो तिचे तोंड एकदा तरी पाहावे, असे कोणालाही वाटेल. नळावरच्या पत्र्याच्या मगात तिने थोडी ओतली.

बॅटरीच्या उजेडात रंग सोनेरी दिसला, आणि त्यात अजून हिरवट झाक होती. बुडबुडे इतके बारीक की तळापासून दोरे ओढल्यासारखे वर येत होते आणि थांबत नव्हते. वास पावाच्या खरपूस कडेचा, अक्रोडाचा. तिने घोट घेतला. आधी सगळे तोंड भरून आले, लोणी लावल्यासारखे मऊ, आणि मग त्या सगळ्याच्या मागून एक आंबट धार आली, स्वच्छ, लिंबाच्या सालीसारखी, आणि घोट उतरून गेल्यावरही जिभेवर टिकून राहिली.

वहिनी मोरीच्या कठड्यावर बसली. तिला रडू आले, आणि ते पश्चात्तापाचे नव्हते. इतका निव्वळ हेवा तिला जन्मात वाटला नव्हता. सासूबाई खोटे बोलत नव्हत्या. नवरा खोटे बोलत नव्हता. अशी एक बाई असू शकते, आणि ती अशी असेल तर तिच्यासमोर आपण कुठे. तिने आणखी एक घोट घेतला नाही. बाटली उलटी केली आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. मोरी काही वेळ फेसाळत राहिली, मग तिने नळ सोडला.

परत येताना बाजूच्या फळीवरून तिने गाळ काढायच्या बेताला आलेली एक नेहमीची बाटली उचलली, कालपरवाची, बाजारात जाते ती. बुडाला रेघ होतीच. लेबलांच्या खोलीत वाकड्या लेबलावर खूण करायचा खडू तिच्या कमरेला खोचलेला होता. तिने रेघेशेजारी ठिपका दिला, आणि बाटली ठोकळ्यात मान खाली करून ठेवली. उद्या सगळ्यांच्या देखत भोवरा ही उघडेल आणि सगळ्यांना कळेल की मधाचे वर्षही शेवटी असेच असते. जिना चढताना तिचे मन विचित्र हलके झाले होते. दुपारभर तिने एकही लेबल वाकडे जाऊ दिले नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या अंगणात बाके मांडली. मालकांनी भाषण केले, ते सगळे पटापट विसरले. जावई भोवऱ्याचा हात धरून खणापर्यंत गेला होता, आणि बाटली मात्र भोवऱ्यानेच उलटी, मानेखाली तळहात धरून, लहान मूल आणावे तशी वर आणली होती. खालच्या अंधारात त्याला खूण नीट दिसली नव्हती. मुलीने ग्लास मांडले. वहिनी तिच्या शेजारी, हाताची घडी घालून.

मुकादम भोवऱ्याबरोबरच नोकरीला लागलेला, सगळ्या तळघराचा आता तोच प्रमुख. तो पुढे सरसावला. "मधाच्या वर्षाची ना रे ही?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले. "शेवटची उरलेली?"

"नाही रे," भोवरा म्हणाला. "ती कधीच संपली."

वहिनीने मान वर केली.

भोवऱ्याला विचारले होते, म्हणून तो बोलला. सावकाश, बाटली हातात तशीच धरून. "मुलगी झाली तेव्हा म्हटलं, बघू एक उघडून. तर बसलेली. चहासारखा रंग. गोड वर्ष होतं, लवकर पिकलं, लवकर दमलं. आमच्या आंबट वर्षाची एक उघडली, तर ती अजून झोपेतून उठायचीच होती. म्हणून मग जागा बदलली. तिच्या होत्या त्या पुढे आणल्या आणि वापरून टाकल्या, उगाच फुकट जायला नको. हिच्या मागे लावल्या, गार भिंतीला. दोन-तीन वर्षांनी एखादी खाली चाखून बघायचो, आणखी चांगली झालेली. मनात यायचं, नको, आत्ता नको, अजून चढेल." त्याने मान वहिनीकडे वळवली. "ही हिच्या वर्षाची आहे. ठिपका घातलाय बघ, ओळखायला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी "वाहवा वहिनी" म्हणाले. मुलीने तिच्या खांद्यावर हात टाकला. वहिनीला अंगणातले सगळे आवाज लांबून आल्यासारखे ऐकू येत होते. तीच बाटली तिने काल मोरीत ओतून वर नळ सोडला होता. घरातल्या प्रत्येक आनंदाला ती मागचीला पीत आली होती आणि स्वतःला शिव्या देत आली होती. आणि काल ज्या बाईवर जळून ती रडली, ती बाई ती स्वतः होती.

भोवऱ्याने ठिपका दाखवायला बाटलीचे बूड पुढे केले आणि सवयीने त्यावरून अंगठा फिरवला. ठिपका पुसला गेला. रंगाचा ठिपका पुसला जात नाही. त्याने अंगठ्याकडे पाहिले, त्यावरच्या खडूच्या भुकटीकडे पाहिले, आणि मग वहिनीकडे. लेबलांच्या खोलीशिवाय कारखान्यात खडू कुठेच नसतो.

ती वाट पाहत उभी राहिली. आता बोलेल, आता सांगेल.

भोवऱ्याने बाटली मांडीला टेकवली, चिमट्याने बूच उडवले, गाळ अंगणाच्या कडेला गेला, आणि त्याने नेहमीच्या सफाईने अंगठा लावून बाटली सरळ केली. एकही थेंब सांडला नाही. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्याने स्वतः सगळ्यांना थोडी थोडी ओतली आणि स्वतःचा ग्लास तोंडाला लावला.

"जशी पाहिजे होती तशीच आहे," तो म्हणाला.

मालक वा म्हणाले. जावई म्हणाला, इतकी जुनी असून किती ताजी. मुकादमाने घोट घेतला, त्याच्या भुवया वर गेल्या, आणि त्याने तोंड उघडले. भोवऱ्याने त्याच्याकडे नुसते पाहिले. दोघे उभा जन्म एका अंधारात काम करत आले होते. मुकादमाने तोंड मिटले, आणि ग्लासातली सगळी वाइन औषधासारखी एका दमात पिऊन टाकली.

संध्याकाळी मुलगी आणि जावई त्यांना घरी सोडून गेले. भोवऱ्याने फुलांचा गुच्छ टेबलावर ठेवला, अंगणात वापरलेल्या ग्लासांपैकी एक मुलीने आठवण म्हणून बांधून दिला होता तो कागदातून सोडवला, आणि खुर्चीत बसून पाय लांब केले. वहिनी दिवा लावायला गेली नाही. खिडकीतून उजेड होता तेवढा पुरे होता. ती त्याच्यासमोर बसली आणि त्याला सगळे सांगून टाकायचे म्हणून शब्द जुळवू लागली, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना. स्वेटरपासून केली तर फार लांब जायचे.

"मला वाटलं, तिची आहे," शेवटी ती एवढेच म्हणाली.

"कोणाची?"

"मागचीची. तुम्हीच म्हणत होता. मागची, मागची. मागचीला हात लावायचा नाही."

भोवऱ्याला ते समजायला वेळ लागला. समजत गेले तसतसा त्याचा चेहरा बदलत गेला, आणि तो म्हातारा दिसू लागला. "मागची म्हणजे भिंतीकडची," तो म्हणाला. "जागा बदलली ते सांगितलं नव्हतं का मी तुला?"

"नाही."

"मला वाटलं, सांगितलं."

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला लावून ठेवल्याचा आवाज आला. वहिनीला वाटले, आता तो उठून आत जाईल आणि पुढची सगळी वर्षे गप्प राहील. त्याला ते अवघड नव्हते.

"चाखलीस तरी का?" भोवऱ्याने विचारले.

तिने होकारार्थी मान डोलावली.

"कशी होती?"

वहिनीने डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. रंग सोनेरी होता, पण हिरवट झाक अजून होती. बुडबुडे दोऱ्यासारखे. वास पावाच्या कडेचा, खरपूस, थोडा अक्रोडाचा. भोवरा डोळे मिटून ऐकत होता. मध्येच विचारायचा, आधी काय लागलं? मऊ, ती म्हणाली, लोण्यासारखं. मग? मग आंबट. पण बोचणारं नाही, स्वच्छ. लिंबाची साल असते तसं.

"आणि टिकलं?"

"टिकलं. वर आले तरी जिभेवर होतं."

"हं," भोवरा म्हणाला. त्याने रिकामा ग्लास हातात घेतला होता, आणि टेबलावर टेकवून दोन बोटांनी तो किंचित फिरवला, थांबला, पुन्हा किंचित फिरवला.

"ते आंबटाचं परत सांग," तो म्हणाला.